घरामागच्या शेडमध्ये ३ एचपीची गोल करवत: वायर, एमसीबी, स्टार्टर आणि अर्थिंगचं गणित

फळी_आणि_भुसा (खानापूर)

नमस्कार मंडळी. घरामागच्या गॅरेजमध्ये लाकूडकामाची मशिनं बसवलीत. वीज कशी न्यायची यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून सगळी माहिती एकत्र देतो.

कनेक्शन हेस्कॉमचं (आमच्याकडची वीज कंपनी), घरगुती, सिंगल फेज, मंजूर लोड ३ किलोवॅट. मीटरपासून शेड २५ मीटरवर. आत्ता अडीच एमएमची तांब्याची वायर पीव्हीसी पाइपातून नेली आहे. मीटरजवळ सी-१६ एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका), शेडमध्ये साधे १६ अँपिअरचे सॉकेट.

मशिनं अशी: ३ एचपीची १२ इंची गोल करवत (टेबल सॉ), २ एचपीचं रंधा मशीन, १ एचपीचा भुसा ओढायचा डस्ट कलेक्टर. तिन्ही सिंगल फेज. शिवाय एक जुना बँड सॉ, ३ एचपी, थ्री फेज. तो नुसता उभा आहे.

अडचणी: करवत चालू करताना तीन वेळांपैकी एकदा तरी एमसीबी पडतो. घरातले दिवे मंदावतात. संध्याकाळी मीटरपाशी २१८ व्होल्ट असतात, करवत रिकामी फिरताना शेडमध्ये २१२ आणि चालू करायच्या क्षणी मल्टिमीटर १८० च्या आसपास दाखवतो. वायरमन म्हणतो ३२ चा एमसीबी घाला, पडणार नाही. अर्थिंगची हिरवी वायर नळाच्या पाइपाला बांधलेली आहे. आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा खटका) होता, तो पावसात सारखा पडायचा म्हणून काढून टाकला.

करवतीला साधा खटका आहे, स्टार्टर नाही. काय बदलावं आणि कुठल्या क्रमानं?

---

पॅनेलवाला (उद्यमबाग, बेळगाव)

दादा, आधी एक गोष्ट आजच करा: करवतीचा प्लग काढून ठेवा. साधा खटका, नळाला बांधलेलं अर्थिंग आणि आरसीसीबी नाही, हे तिन्ही एकाच मशीनवर असताना ते वापरू नका. बाकीचं सावकाश करता येईल.

आता वायरमनच्या सल्ल्याबद्दल. अडीच एमएमच्या मागे ३२ चा एमसीबी घातला की पडायचा थांबेल खरं, वायर राखायला मग कोणीच उरत नाही. एमसीबी मोटरसाठी नसतो, तो वायरसाठी असतो. पाइपातली अडीच एमएम वायर वीस-बावीस अँपिअरपर्यंतच धरायची. ३२ चा एमसीबी ३० अँपिअर तासन्‌तास जाऊ देईल. तेवढ्यात पाइपातलं पीव्हीसी मऊ होतं, आणि हे सगळं भुशाच्या शेडमध्ये.

तुमचा सी-१६ का पडतो ते बघा. सी वळणाचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या ५ ते १० पट करंटला झटक्यात पडतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअरच्या मध्ये कुठेही. ३ एचपी सिंगल फेज मोटर पूर्ण लोडला साधारण १५ अँपिअर घेते, उठताना ५ ते ६ पट, म्हणजे ७५ ते ९०. बरोब्बर त्या सीमेवर. त्यात खटका दाबला तेव्हा व्होल्टेजची लाट कुठल्या टोकाला होती त्यावर पहिला धक्का कमी-जास्त होतो. म्हणून कधी उठते, कधी पडते. एमसीबी खराब नाही.

मोटरसाठी डी वळणाचा एमसीबी मिळतो, तो १० ते २० पटीला पडतो. करवतीला डी-२०, रंध्याला डी-१६. डस्ट कलेक्टर पाच-सहा अँपिअरचा, त्याला सी-१० पुरतो. मात्र डी वळण घातल्यावर आरसीसीबी टाळता येत नाही. त्याचं कारण अर्थिंगवाले कोणी लिहितीलच, नाहीतर मी लिहितो.

आता व्होल्टेज. २५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ५० मीटर तांबं. अडीच एमएमच्या ५० मीटरला साधारण ०.४ ओहम. ८५ अँपिअर गुणिले ०.४ म्हणजे ३४ व्होल्ट वायरीतच खर्च. २१८ मधून ३४ गेले की १८४, उरलेले खांबापासून येणाऱ्या वायरीत. तुमच्या मल्टिमीटरनं खरं तेच दाखवलंय. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो: २३० ला जो जोर, त्याच्या १८० ला फक्त ६१ टक्के. म्हणून ती उठायला वेळ घेते आणि तेवढा वेळ तो ८५ अँपिअर चालूच राहतो. स्टार्टिंगची वाइंडिंग याच काळात भाजते.

तीच ५० मीटर वायर ४ एमएमची घेतली तर ०.२५ ओहम, म्हणजे २१ व्होल्ट. ६ एमएमला ०.१६५ ओहम, १४ व्होल्ट. १० एमएमला ०.०९५ ओहम, ८ व्होल्ट. मीटर ते शेड मी १० एमएमच नेईन, मीटरजवळ डबल पोल सी-३२ घालून. पैसे वाचवायचे असतील तर १६ एमएमची दोन कोअरची आर्मर्ड ॲल्युमिनियम केबल घ्या, रोध जवळजवळ १० एमएम तांब्याएवढाच. जमिनीतून न्यायची तर पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा. ॲल्युमिनियमचं टोक तसंच एमसीबीच्या स्क्रूखाली दाबू नका. तो धातू दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो, वर ऑक्साइड चढतं आणि टोक तापतं. बायमेटल लग (ॲल्युमिनियम-तांब्याचं जोडटोक) घालून, नीट क्रिंप करूनच जोडा.

शेडच्या आत मात्र १० एमएमची गरज नाही. शेडच्या डीबीपासून (एमसीबींची पेटी) करवत आणि रंध्यापर्यंत ४ एमएम, कलेक्टरला अडीच. प्रत्येक मशीनची वायर डीबीपासून स्वतंत्र. १६ अँपिअरचा घरगुती सॉकेट १५ अँपिअरच्या मोटरला धकतो असं वाटतं, पण पिना ढिल्या पडल्या की प्लग आतून तपकिरी होतो. निळा, तीन पिनांचा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घाला. तो फिरवून घट्ट बसतो आणि झाकणामुळे आत भुसा जात नाही.

स्टार्टरचं सगळ्यात महत्त्वाचं. वीज गेली, तुम्ही फळी तशीच टेबलावर ठेवून बाहेर गेलात, तासाभरानं वीज आली. साध्या खटक्यावर करवत आपोआप सुरू होते. डीओएल स्टार्टरमध्ये (चालू-बंद बटणांचा साधा स्टार्टर) वीज गेली की कॉन्टॅक्ट ओढून धरणारी कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन उठत नाही. सिंगल फेजला कॉइल २३० व्होल्टची मागून घ्या. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये बऱ्याचदा ४१५ ची असते, ती इथं ओढणारच नाही.

ओव्हरलोड रिले (मोटरनं जास्त करंट ओढला की स्टार्टर पाडणारा भाग) मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावा, त्याच्या वर नाही. रिलेला तीन पोल असतात. सिंगल फेजला फेज एका पोलमधून न्या, न्यूट्रल दुसऱ्यातून काढून पुन्हा तिसऱ्यातून फिरवून मोटरला द्या. एक पोल रिकामा ठेवला तर एक फेज गेली असं समजून चांगला रिले विनाकारण पडतो. रीसेटचा खटका 'मॅन्युअल'वर ठेवा. 'ऑटो'वर ठेवलात तर गार झाल्यावर रिले स्वतःच जोडला जातो, आणि कॉइलची वायरिंग चुकीची असेल तर ब्लेड परत फिरतं.

आणीबाणीचं लाल मश्रूम बटण करवतीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यानं दाबता येईल एवढ्या उंचीवर. त्याचा एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर सुटणारा) कॉन्टॅक्ट कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये. दोन्ही हात फळीवर असतात, वरचं बटण दाबायला हात मोकळा नसतो.

आता पातळ वायर आणि स्टार्टर यांचा संबंध, हे फारसं कोणी सांगत नाही. कॉन्टॅक्टरची (स्टार्टरमधला चुंबकी खटका) कॉइल ८५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे १९५ ला खात्रीनं ओढते. तुमच्याकडे उठताना १८० होतात. कॉइल अर्धवट सुटते, व्होल्टेज वर येतं, परत ओढते. खडखड ऐकू येते. प्रत्येक खडखडीला कॉन्टॅक्टच्या चांदीवर ठिणगी पडते आणि एखाद्या दिवशी दोन्ही कॉन्टॅक्ट चिकटतात. मग लाल बटण दाबून करवत थांबत नाही, कारण कॉइल सुटली तरी कॉन्टॅक्ट सुटत नाहीत. म्हणून जाड केबल आधी, स्टार्टर मग. आणि हाताच्या अंतरावर डबल पोल आयसोलेटर हवाच.

---

काळी_माती (निपाणी)

अर्थिंगचं मी लिहितो.

नळाचा पाइप अर्थ नाही. जुना लोखंडी पाइप असला तरी वाटेत कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा जोडलेला असतोच, आणि तिथून पुढे तुमच्या मशीनचं गळणारं व्होल्टेज नळाच्या तोटीवर येतं. अंघोळ करणाऱ्या माणसाला शॉक लागतो, कारण शेडमध्ये शोधावं लागतं. न्यूट्रललाच अर्थ जोडायचा 'शॉर्टकट'ही करू नका. खांबावर न्यूट्रल तुटला की सगळ्या मशिनांची बॉडी एकदम २३० व्होल्टवर येते.

खड्डा केल्यावर बरेच वायरमन १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरून दाखवतात: बघा, लागला. तो बल्ब ०.४३ अँपिअर घेतो. खड्ड्याचा रोध २० ओहम असला तर त्यात जेमतेम ९ व्होल्ट पडतात आणि बल्ब झकास पेटतो. पण उद्या करवतीच्या आत फेज बॉडीला टेकला तर त्या २० ओहममधून फक्त ११.५ अँपिअर जातील. तुमचा सी-१६ हलणार नाही, डी-२० तर मुळीच नाही. मशीन चालू, एमसीबी वर, आणि लोखंडी टेबल जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर. म्हणून वर पॅनेलवाल्यांनी आरसीसीबी टाळता येत नाही म्हटलंय. घरच्या खड्ड्यावर एमसीबी अर्थफॉल्टला पडेल यावर विसंबू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी या ११.५ अँपिअरला डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. खड्डा १०० ओहमचा असला तरीही पडतो, कारण त्याला ०.०३ अँपिअर पुरतात.

याचा अर्थ खड्डा कसाही चालतो असा मात्र घेऊ नका. आरसीसीबी यंत्र आहे, कधीतरी आतून अडकतं. दर महिन्याला त्याचं 'टी' बटण दाबायचं ते यासाठीच.

आमच्या काळ्या जमिनीत एक पाइप ठोकला की काम भागतं. तुमच्याकडे खानापूरला जांभा. वरची लाल माती गेली की खाली दगडच, आणि तो विजेला फार रोध करतो. पावसाळ्यात मोजलं तर छान आकडा येतो, एप्रिलमध्ये तोच कितीतरी पट चढतो. म्हणून मोजायचं ते उन्हाळ्यात, बल्बनं नाही, तीन खिळ्यांच्या अर्थ टेस्टरनं. ४० मिमीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, लांबी अडीच मीटर किंवा जास्त. जांभ्यात तो ठोकून जात नाही, बोअर पाडून बसवावा लागतो. भोवती बेंटोनाइट किंवा तयार मिळणारी अर्थिंगची पावडर. मीठ-कोळसाही चालतो, पण मीठ गॅल्व्हनाइजिंग खातं आणि पावसात धुऊन जातं, मग दर काही वर्षांनी परत घालत बसायचं. एका पाइपानं आकडा आला नाही तर दुसरा, पहिल्यापासून निदान ५ मीटरवर. शेजारी-शेजारी दोन पाइप ठोकून काही मिळत नाही, दोघंही त्याच मातीवर अवलंबून असतात. दोन्ही खड्डे २५ × ३ मिमीच्या पट्टीनं जोडा आणि तिथून शेडच्या डीबीच्या अर्थ बारपर्यंत न्या. घराचं आणि शेडचं अर्थिंगही एकमेकांना जोडा, दोन वेगळी ठेवू नका.

आता आरसीसीबी पावसात का पडायचा? तो काम करत होता म्हणून. काढून टाकण्याऐवजी गळती शोधायची. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. ज्याला पडेल ती लाइन दोषी. पण एक फसवी गोष्ट आहे: सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकला असेल तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडतो, किंवा एखादं मोठं मशीन चालू केल्यावरच पडतो. मग मेन बंद करून न्यूट्रल बारवरून एकेक वायर सोडून तपासावी लागते. बहुतेक वेळा दोष निघतो तो बाहेरच्या दिव्याच्या जंक्शन बॉक्समध्ये, नाहीतर पावसाळाभर पडून राहिलेल्या मोटरमध्ये. मोटर ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) तपासा. वाइंडिंग ते बॉडी १ मेगओहमच्या खाली असेल तर चालवू नका. पुढची-मागची झाकणं काढून आत १०० वॅटचा बल्ब रात्रभर लावून ठेवा, परत मोजा.

आरसीसीबी एकच घालू नका. मशिनांना एक, दिव्यांना वेगळा. मशीनला गळती झाली आणि त्याच आरसीसीबीवर दिवेही असले तर अंधारात ब्लेड अजून फिरतच असतं. १२ इंची ब्लेड थांबायला बराच वेळ घेतं. टेबलावरचा एक एलईडी दिवा घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी तो लागलेला राहील.

---

कॉइल_आणि_कोअर (संकेश्वर)

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. मी फक्त मोटर आणि त्या उभ्या बँड सॉबद्दल लिहितो.

आधी सिंगल फेज मोटरची झाकणं बघा. बाजूला जाळी असलेली मोटर असेल तर ती लाकूडकामाला नको. भुसा आत जातो आणि सेंट्रिफ्युगल स्विचमध्ये (वेग आला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा खटका) बसतो. कॉन्टॅक्ट लागत नसेल तर मोटर नुसती गुणगुणते, उठत नाही. त्याहून वाईट म्हणजे कॉन्टॅक्ट सुटत नाही. मोटर तर फिरते, पण स्टार्टिंग वाइंडिंग आणि कंडेन्सर चालूच राहतात आणि दोन-तीन मिनिटांत वार्निशचा वास येतो. चालू झाल्यावर एक-दोन सेकंदांत 'टक' असा आवाज यायला हवा. तो नाही आला तर लगेच बंद करा. नवीन घेताना पूर्ण बंद, बाहेरून पंखा असलेली मोटरच घ्या.

आता बँड सॉ. सिंगल फेजवर तो चालवायला शेतातल्या पंपासारखा कंडेन्सरचा फेज कन्व्हर्टर बरेच जण सुचवतील. पंपाला तो कसाबसा चालतो, कारण पंपाचा लोड ठरलेला असतो. बँड सॉवर लोड दर फळीला बदलतो. कंडेन्सर एकाच लोडला जुळतो, बाकी वेळी तीन वाइंडिंगमध्ये करंट असमान, ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि रिकामी फिरतानाही मोटर तापते. ते नको.

व्हीएफडी (मोटरची फ्रीक्वेन्सी आणि वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घाला. २३० व्होल्ट सिंगल फेज आत, तीन फेज बाहेर, २.२ किलोवॅटचा. इथं बहुतेकांची एक चूक होते. असा ड्राइव्ह बाहेर तीन फेज देतो, पण २३० व्होल्टचे, ४१५ चे नाही. आपल्याकडच्या लहान मोटरी बऱ्याचदा ४१५ ला स्टारमध्ये असतात. त्याच वाइंडिंग डेल्टात जोडल्या की ती मोटर २४० व्होल्टची होते. म्हणजे तुमची ३ एचपी मोटर स्टारमध्ये असेल तर ती या कामाला अगदी जुळते. मोठी मोटर ४१५ ला डेल्टातच असते, तिथं ही युक्ती चालत नाही.

टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट असतील आणि एका ओळीतले तीन एकाच पट्टीनं जोडलेले असतील तर तो स्टार. पट्ट्या काढून समोरासमोरचे दोन-दोन बोल्ट जोडा, तीन उभ्या पट्ट्या, हा डेल्टा. बॉक्समधून फक्त तीनच वायरी येत असतील तर स्टारचं टोक वाइंडिंगच्या आत बांधलेलं आहे. रिवाइंडिंगवाल्याकडून ते सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्या. वाइंडिंग बदलायची गरज नाही.

ड्राइव्हमध्ये मोटरचं व्होल्टेज २३० भरा. करंट पट्टीवरचा जसाच्या तसा भरू नका: स्टारला ४.८ अँपिअर लिहिला असेल तर डेल्टाला तो १.७३ पट, म्हणजे ८.३. फ्रीक्वेन्सीची वरची हद्द ५० हर्ट्झ. बँड सॉच्या चाकांना आणि पट्ट्याला त्याहून जोरात फिरवायला परवानगी नाही असं समजा. खाली २५-३० हर्ट्झच्या आत जास्त वेळ चालवू नका, मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, तो हळू फिरला की वारा मिळत नाही. वेग घ्यायचा वेळ ६ ते ८ सेकंद द्या, चाकं जड असतात. थांबवताना घाई केली तर चाकांची ताकद ड्राइव्हमध्ये उलटी येते आणि तो 'ओव्हरव्होल्टेज' दाखवून पडतो. थांबण्याचा वेळ वाढवा किंवा मोकळं फिरत थांबू द्या.

वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग ड्राइव्हमध्येही असतं. ते बंद आहे ना, बघा.

ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे खटका, स्टार्टर, कॉन्टॅक्टर काही घालायचं नाही. चालू असताना मधली वायर तोडली तर ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. चालू-बंद आणि आणीबाणीचं बटण ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर. ब्लेड बदलताना मात्र प्लगच काढा, आणि ड्राइव्ह उघडायचा असेल तर प्लग काढल्यावर १० मिनिटं थांबा, आतल्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट उरलेले असतात. मोटर मेगरनं तपासायची तर आधी ड्राइव्हच्या वायरी सोडवा, नाहीतर मेगर ड्राइव्हच जाळेल.

२.२ किलोवॅटचा ड्राइव्ह सिंगल फेजवर पूर्ण लोडला वीस-बावीस अँपिअर आत घेतो, त्यामुळे त्याला ६ एमएमची वायर आणि सी-३२. त्याचा आरसीसीबी वेगळा घ्या आणि 'टाइप ए'चा मागा. दुकानात न विचारता मिळतो तो 'एसी' टाइप. ड्राइव्हच्या गळतीत सरळ साइन लाट नसते, तिथं एसी टाइप एक तर विनाकारण पडतो किंवा पडायचा तेव्हा पडत नाही. ड्राइव्हच्या पुस्तकात त्याहून वरचा टाइप सांगितला असेल तर तो घ्या. ड्राइव्ह भुशापासून दूर, बंद लोखंडी पेटीत, पण आत वारा खेळेल एवढी पेटी मोठी. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं डीबी किंवा स्टार्टर साफ करू नका, बारीक भुसा कॉन्टॅक्टच्या आत ढकलला जातो. व्हॅक्यूमनं ओढून काढा. वायरीची भोकंही ग्लँडनं बंद करा, नाहीतर स्टार्टरमध्ये पाल शिरते आणि कॉन्टॅक्टमध्ये अडकते.

---

फळी_आणि_भुसा (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लग काढून ठेवलाय. दोन शंका. थ्री फेज कनेक्शनच घेतलं तर हे सगळं सोपं होईल का? आणि लोड वाढवताना घरगुती कनेक्शनवर ऑर्डरची कामं केलेली चालतात का? सध्या महिन्याला एखादं कपाट, एखादा दिवाण होतो.

---

पॅनेलवाला (उद्यमबाग, बेळगाव)

थ्री फेजला ३ एचपी मोटर फेजमागे जेमतेम ५ अँपिअर घेते, कंडेन्सर नाही, सेंट्रिफ्युगल स्विच नाही, घरचे दिवे मंदावत नाहीत. बँड सॉही आहे तसा स्टारमध्ये चालेल, व्हीएफडी लागणार नाही. करवत आणि रंध्याच्या मोटरी मात्र बदलाव्या लागतील, नाहीतर त्या एका फेजवर तशाच ठेवा.

पण दोन नवे धोके येतात. एक फेज गेली की फिरणारी मोटर दोन फेजवर फिरत राहते आणि जळते. त्याला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, प्रत्येक स्टार्टरला. दुसरा धोका न्यूट्रलचा. वळवात फांदी पडून किंवा मीटरपाशी स्क्रू सैल होऊन न्यूट्रल सुटला तर तीन फेजवरचा घरातला लोड आपसात व्होल्टेज वाटून घेतो: एका खोलीत १२०, दुसरीत साडेतीनशे. टीव्ही-फ्रिज जातात. घराच्या बाजूला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घाला, मेन फोर पोल घ्या आणि न्यूट्रलचे लग दरवर्षी घट्ट करा.

कामाचा प्रश्न सरळ आहे. स्वतःच्या घराच्या वस्तू करत असाल तर घरगुती. पैसे घेऊन ऑर्डर घेत असाल तर शेडला वेगळं मीटर, लघुउद्योगाच्या दरात मागा. घरगुती मीटरवर धंदा सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. २०२३ पासून गृहज्योतीचा (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) लाभ घेत असाल तर आणखी एक: तो घरच्या वापरासाठी आहे, आणि महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की पूर्ण बिल भरावं लागतं. करवत आणि कलेक्टर रोज दोन तास चालवले तर महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट त्यातच जाऊ शकतात.

लोड वाढवायचा अर्ज परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरमार्फत करा. कामाचा पूर्णत्व अहवाल त्याच्या सहीचा लागतो, आणि मीटरनंतरची जोडणी त्यानंच करायची आहे.

---

काळी_माती (निपाणी)

सगळं बसवून झालं की लाकूड लावायच्या आधी हे तपासा. करवतीचा पट्टा काढून नुसती मोटर चालवा, फिरायची दिशा बघा, क्लॅम्प मीटरनं करंट बघा. मग पट्टा चढवून परत उठवा. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर ठेवून उठतानाचं सगळ्यात कमी व्होल्टेज नोंदवा, ते संध्याकाळीच मोजा. १९५ च्या वर राहिलं पाहिजे.

आरसीसीबीचं 'टी' बटण दाबा: मशिनं बंद, दिवे चालू राहायला हवेत. आणीबाणीचं बटण गुडघ्यानं दाबून बघा, आणि फिरवून सोडल्यावर करवत आपोआप उठत नाही ना हेही. शेवटी करवत फिरत असताना मीटरजवळचा सी-३२ खाली करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, परत वर करा. ब्लेड हललं तर स्टार्टरची होल्डिंगची वायर चुकली आहे, लाकडाला हात लावू नका.